भिंतीला लोणा लागतो तेव्हा नेमकं काय होतं

विटांच्या उघड्या भिंतीवर पांढरं पीठ दिसलं की पहिला उपाय ठरलेला असतो: पाइप लावायचा आणि भिंत धुऊन काढायची. ओली असेपर्यंत भिंत लालभडक, नव्यासारखी दिसते. दोन-चार दिवसांत वाळते आणि पांढरं पुन्हा हजर, कधीकधी आधीपेक्षा जास्तच. मग कोणी ॲसिड सुचवतं, कोणी वॉटरप्रूफ रंग, कोणी वरून सरळ सिमेंटचा गिलावा करून टाकायला सांगतं. लोणा काही हटत नाही, आणि काही वर्षांनी विटांचेच पापुद्रे गळायला लागतात.

असं होतं, कारण आपण डागाशी भांडत बसतो. डाग क्षाराचा आहे हे खरं, पण क्षार आपल्या पायाने चालत नाही. पाणी त्याला विरघळवतं, पाणीच त्याला पृष्ठभागापर्यंत घेऊन येतं, आणि पाणी उडून गेलं की तो तिथेच बसून राहतो. घामाने भिजलेला शर्ट अंगावर वाळला की पाठीवर पांढऱ्या रेषा उमटतात, तसाच हा प्रकार.

म्हणजे लोणा दिसायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: विरघळणारा क्षार, तो विरघळवणारं पाणी, आणि त्या पाण्याला बाहेर येऊन वाळायला वाट. यातली एक जरी काढून घेतली तरी लोणा थांबतो. क्षार पूर्णपणे काढणं जवळपास अशक्य असतं. वाट बुजवणं धोक्याचं, ते का हे पुढे सांगतो. उरलं पाणी. हातात असलेली खरी गोष्ट तेवढीच आहे, आणि नेमकी तिच्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष जातं.

क्षार येतो कुठून

भाजलेली वीट टणक असते म्हणून ती भरीव आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तिच्यात केसाहून बारीक छिद्रांचं जाळं असतं. साधी वीट पाण्यात बुडवून ठेवली तर ती स्वतःच्या वजनाच्या दहा ते वीस टक्के पाणी सहज पिते. तीन किलोच्या विटेत अर्धा लिटरच्या आसपास पाणी मावतं असं धरा. अशा विटांची अख्खी भिंत किती पाणी साठवू शकते याचा अंदाज यावरून येईल.

विटेच्या मातीत मुळातच थोडे क्षार असतात. भट्टीत कोळसा जळतो तेव्हा त्यातला गंधक मातीतल्या सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमला धरतो आणि सल्फेट तयार होतात. वीट चांगल्या तापमानाला पुरेसा वेळ भाजली तर त्यातले बरेच सल्फेट मोडतात. कमी भाजलेल्या, ठिसूळ विटेत ते तसेच राहतात, शिवाय ती पाणीही जास्त पिते, म्हणजे दुहेरी तोटा. सिमेंटमध्ये अल्कली, म्हणजे सोडियम-पोटॅशियमचे विरघळणारे क्षार, असते. वाळू खाडीची किंवा समुद्राची असेल आणि नीट धुतलेली नसेल तर तिच्यातून मीठ येतं. माल कालवायला आणि बांधकामावर मारायला वापरलेलं पाणी खारं असेल तर ते दर दिवशी भिंतीत मीठ भरत असतं. भिंत उभी राहिल्यावर जमिनीतून क्षार चढतात. जवळून सांडपाणी वाहत असेल, खताची जागा असेल किंवा जनावरं बांधली जात असतील तर नायट्रेट येतात. समुद्राजवळ वारा मीठ आणून भिंतीवर फवारतो.

विटा विकत घेतानाच त्यांच्यात क्षार किती आहे हे पाहता येतं. प्रयोगशाळेत यासाठी ठरलेली चाचणी आहे, आणि तिचं घरगुती रूप कोणालाही जमेल. उथळ ताटात साधारण २५ मिलिमीटर शुद्ध पाणी घ्यायचं, बॅटरीत घालायचं चालतं. नळाचं नको, त्यात स्वतःचेच क्षार असतात. त्यात वीट उभी करायची आणि सगळं पाणी तिने शोषून घेऊन ती वरच्या तोंडाने वाळेपर्यंत थांबायचं. मग पुन्हा पाणी घालून तेच एकदा करायचं. दुसऱ्यांदा वाळल्यावर विटेच्या एक दशांशपेक्षा कमी भागावर पातळ पांढरा थर आला तर चिंता नाही. निम्म्याहून जास्त भाग पांढरा झाला तर त्या विटा उघड्या भिंतीला वापरू नयेत. पांढऱ्याबरोबर पापुद्रेही सुटले तर कुठल्याच भिंतीला नकोत.

सगळे क्षार पांढरे दिसतातच असं नाही, आणि इथे बरेच जण फसतात. सल्फेट फुलून पिठासारखे दिसतात. क्लोराइड आणि नायट्रेट मात्र हवेतला ओलावा ओढून घेतात. साधं मीठ घ्या. हवेची आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की ते पाझरायला लागतं. म्हणून ज्या भिंतीत मीठ साठलंय तिथे दमट हवेत गडद, ओला डाग दिसतो आणि कोरड्या दिवसांत तो गायब होतो. कुठेही गळती नसते, तरी भिंत ओली. अशा भिंतीवर ओल मोजायचं साधं विजेचं यंत्र टेकवलं की काटा एकदम वर जातो, कारण क्षारयुक्त ओल वीज चांगली वाहून नेते. त्या आकड्यावर विसंबून महागडं काम अंगावर घेऊ नये.

भिंत नवी असेल तर

बांधकामात वापरलेलं पाणी, भिजवलेल्या विटा, पाणी मारणं, मध्येच पडलेला पाऊस, हे सगळं नव्या भिंतीत साठलेलं असतं. ते वाळताना पहिल्या एक-दोन कोरड्या मोसमांत पांढरं फुलणारच. घाबरू नका, रंगवू नका. कोरड्या ब्रशने झाडत राहा, पाऊस उरलेलं धुऊन नेईल. तीन वर्षांनंतरही तितकंच येत असेल तर मात्र भिंतीत नवं पाणी शिरतंय असं समजायचं.

बाहेर दिसतो तो क्षार बरा

आता वाट का बुजवायची नाही ते सांगतो, कारण सगळ्या विषयाचा कणा हाच आहे.

भिंतीतलं पाणी बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत येऊन वाळलं तर क्षार पृष्ठभागावर पडतो. दिसायला वाईट, पण विटेला त्याचा फारसा त्रास नाही. पण पाणी पृष्ठभागापर्यंत पोचण्याआधीच, काही मिलिमीटर आत, वाळलं तर? क्षाराचे स्फटिक विटेच्या छिद्रांत वाढतात. छिद्र भरतं, स्फटिक वाढतच राहतात आणि छिद्राच्या कडांवर आतून दाब येतो. प्रत्येक ओल्या-कोरड्या फेऱ्यात थोडा थोडा. शेवटी विटेचं तोंड सुटून पडतं.

अशी वीट जवळून पाहण्यासारखी असते. तिरपा उजेड पडेल अशी बॅटरी भिंतीला टेकवून धरा. विटेच्या पृष्ठभागावर नखाएवढे फुगे दिसतील, कडांना बारीक भेगा. फुग्याला नखाने उचललं तर रुपयाच्या नाण्याइतकी जाड चकती अलगद सुटते, आणि तिच्या मागच्या बाजूला पांढरी, थोडी चमकणारी भुकटी असते. कधी तर कापसासारखे तंतू. विटेच्या बाहेरच्या अंगावर मात्र पांढऱ्याचा मागमूस नसतो. अशी भिंत लांबून लोणा लागलेल्या भिंतीपेक्षा स्वच्छ दिसते, आणि तिची अवस्था कितीतरी वाईट असते.

सोडियम सल्फेट यातला सर्वांत मोठा गुन्हेगार. कोरड्यात तो पाण्याशिवायच्या रूपात असतो. ३२.४ अंश सेल्सियसच्या खाली त्याला पाणी मिळालं की तो एकेका रेणूमागे पाण्याचे दहा रेणू धरून नवे स्फटिक बनवतो, आणि त्याचं आकारमान जवळपास चौपट होतं. ते छिद्रात मावणार कसं? दगड-विटांचा टिकाऊपणा तपासायला प्रयोगशाळेत नमुना याच क्षाराच्या द्रावणात बुडवून वाळवतात आणि पुन्हा बुडवतात. काही फेऱ्यांत कमजोर नमुना अक्षरशः विरघळल्यासारखा झडतो.

मोहेंजोदडोचं उदाहरण यासाठी डोळ्यांपुढे ठेवावं. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या भाजक्या विटा मातीखाली गाडलेल्या होत्या तोवर टिकल्या. १९२२ पासून उत्खनन झालं, भिंती उघड्या पडल्या. पुढे १९३२ मध्ये सिंधू नदीवरचा सक्कर बंधारा पूर्ण झाला, कालव्यांचं पाणी शेतांत खेळू लागलं आणि भूजल वर आलं. ते खारं पाणी विटांमधून वर चढतं, उन्हात वाळतं, आणि विटा पिठासारख्या झडतात. १९८० पासून ही जागा जागतिक वारसा यादीत आहे. तिथे उपयोगी ठरलेला एक उपाय म्हणजे विटांवर साध्या मातीचा लेप. लेपामुळे पाणी विटेत न वाळता मातीत वाळतं, क्षार मातीत साठतो, माती झडते, आणि पुन्हा नवा लेप देतात. काहीतरी झडणारच असेल तर ते स्वस्तातलं, बदलता येणारं असावं, असा हा हिशेब आहे. चुन्याच्या मऊ गिलाव्याने जुन्या इमारती शतकानुशतकं हेच काम करून घेतलं.

डाग कशाचा आहे ते आधी ओळखा

पांढरं दिसलं म्हणजे लोणाच असं नाही. चमचाभर भुकटी खरवडून घ्या. भिंतीवर नको, वाटीतच तपासा, कारण दर्जांमधला, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतला, चुना निकाल बिघडवतो. बोटांत चोळली तर क्षार कचकचतो. बुरशी मऊ लागते, पुसली की चिकट डाग राहतो आणि वास येतो. थोडी भुकटी स्वच्छ पाण्यात टाका. विरघळली तर तो विरघळणारा क्षार. तळाला बसली तर तिच्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. फसफसली तर चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट.

हा चुना वेगळ्या जातीचा डाग आहे. सिमेंटमधला विरघळणारा चुना पाण्याबरोबर दर्जांमधून बाहेर ओघळतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून दगडासारखा कडक होतो. त्याचे ओघळ नेहमी सांध्यातून सुरू होऊन खाली उतरतात आणि ब्रशने जात नाहीत. ते दिसले तर त्या सांध्यामागून पाणी नक्की वाहतंय.

फिकट रंगाच्या विटांवर कधी हिरवट-पिवळे डाग येतात. लोक त्यांना शेवाळ समजतात, पण अनेकदा ते मातीतल्या व्हॅनेडियम या धातूचे असतात. त्यांना ॲसिड लागलं की ते कायमचे गडद तपकिरी होतात. बहुतेक वेळा ते हळूहळू आपोआप फिकट होतात, त्यामुळे हात न लावणं उत्तम.

पाणी शोधणं

इथे घाई केली की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. जिथे पांढरं दिसतं तिथूनच पाणी शिरतंय असं गृहीत धरू नका. पाणी कठड्याच्या माथ्यावरून शिरून चार फूट खाली बाहेर पडू शकतं. शिवाय पावसाचा मारा जिथे थेट लागतो तिथला क्षार धुऊन जातो आणि छज्जाखालच्या आडोशाच्या जागी तो साठून दिसतो. म्हणजे कधीकधी सगळ्यांत पांढरा भाग हा सगळ्यांत कमी भिजणारा असतो.

डागाचा आकार बरंच सांगून जातो. जमिनीपासून वर येणारा, साधारण एका उंचीवर थांबणारा आडवा पट्टा म्हणजे जमिनीची ओल किंवा खालून उडणारं पाणी. वरून खाली उतरणारा उभा पट्टा म्हणजे जवळचा पावसाचा पाइप फुटलाय, तुंबलाय किंवा त्याचा जोड सुटलाय. खिडकीच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांत मिशांसारखे डाग म्हणजे सिल, खिडकीच्या तळाची फरशी, गळते. भिंतीच्या मध्येच गोलसर, पसरत जाणारा डाग आणि पावसाशी त्याचा काही संबंध नाही, तर आतल्या बाजूला नळाची वाहिनी किंवा न्हाणीघर आहे का पाहा. कठड्याखाली सलग पांढरं म्हणजे माथा उघडा आहे.

कठड्याबद्दल थोडं जास्त, कारण माझ्या मते निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात. कठडा दोन्ही बाजूंनी आणि वरूनही भिजतो, आणि त्याला आतून उबेचा आधार नसतो. माथ्यावर सिमेंटचा पातळ थर ओढला की काम झालं असं मानतात. तो थर उन्हाने तडकतो, तडा केसाएवढा असतो, आणि त्यातून पाणी आत ओढलं जातं, बाहेर मात्र यायला वेळ लावतं. माथ्यावर भिंतीच्या दोन्ही बाजूंना ४० ते ५० मिलिमीटर बाहेर येणारी फरशी किंवा दगड हवा, त्याला थोडा उतार हवा आणि बाहेर आलेल्या भागाच्या खालून पाणी तोडणारी खाच हवी. ही खाच नसेल तर थेंब फरशीच्या पोटाला चिकटून मागे सरकतो आणि भिंतीवर उतरतो. खिडकीच्या सिलचंही तसंच. बोट घालून पाहा: सिलच्या खाली खाच लागते का, आणि रंगाच्या थरांनी ती भरून तर गेली नाही ना. रंगाने भरलेली खाच सापडली तर ती उकरून काढणं, एवढ्यावरही पुष्कळदा भागतं.

जमिनीकडची बाजू. विटांची बारीक छिद्रं केशाकर्षणाने पाणी वर ओढतात, साधारण मीटरभरापर्यंत, जाड भिंतीत त्याहूनही थोडं वर. ते अडवायला जोत्याच्या पातळीवर पाणी न सोडणारा थर घालतात, डीपीसी म्हणतात तो. व्हेनिसच्या जुन्या बांधणीत हेच काम इस्ट्रियाच्या घट्ट दगडाच्या थरांकडे होतं. पाण्यालगत दगड, त्याच्यावर विटा. विसाव्या शतकात तिथली जमीन खचली आणि समुद्रही वर आला, दोन्ही मिळून साधारण पाव मीटर. आता भरतीचं पाणी दगडाच्या वर चढून थेट विटांना लागतं आणि विटा झडतात.

घराघरांत हाच प्रकार छोट्या प्रमाणात आपणच करतो. जोत्याभोवती भराव घालतो, फरशी बसवतो, फुलझाडांचा वाफा भिंतीला टेकवतो, आणि डीपीसी कधी जमिनीखाली गेली ते कळतही नाही. बाहेरची जमीन त्या थरापेक्षा किमान १५० मिलिमीटर खाली हवी. आधी फावडं घेऊन भिंतीलगतची माती काढून पाहावी. फरशी कडक असेल तर पावसाचे थेंब तिच्यावर आपटून गुडघ्याएवढे वर उडतात आणि भिंतीचा खालचा भाग सतत भिजवतात. भिंतीलगत हातभर रुंदीची खडीची पट्टी केली तर थेंब खडीत मुरतो. भराव अडवणारी भिंत असेल किंवा विटांची कुंडी, तर मागच्या बाजूची माती कायम ओली राहणार. तिथे समोरून काहीही करून उपयोग नाही. मातीच्या बाजूने जलरोधक थर आणि पाणी निघून जायला भोकं, हाच मार्ग.

नक्की कुठून शिरतंय हे कळत नसेल तर कोरड्या दिवसात पाइपने हलकं पाणी सोडून पाहा. खालून सुरुवात करायची, एकेक टप्पा बराच वेळ भिजवायचा, आत कोणीतरी लक्ष ठेवायचं आणि मगच वर सरकायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि काहीच सिद्ध होत नाही.

दर्जा, रंग, सीलर

विटांमधल्या दर्जा पोकळ झाल्या असतील तर त्या भराव्याच लागतात, पण कशाने, हा प्रश्न आहे. बहुतेक गवंडी घट्ट सिमेंट-वाळूने भरतात, कारण ते मजबूत दिसतं. माल विटेपेक्षा कडक आणि घट्ट झाला की पाणी सांध्यातून वाळत नाही, ते विटेतून वाळतं, आणि क्षारही विटेतच साठतो. जुन्या चुन्यातल्या भिंतींना असं केलेलं असेल तर काही वर्षांनी एक विचित्र दृश्य दिसतं: विटा आत झिजलेल्या आणि सिमेंटच्या रेघा चौकटीसारख्या बाहेर आलेल्या. माल नेहमी विटेपेक्षा मऊ असावा. जुन्या चुन्याच्या भिंतीला चुनाच. नंतरच्या काळातल्या साध्या विटांना एक भाग सिमेंट, एक चुना, सहा वाळू. विटा मऊ असतील तर एक, दोन, नऊ. जुना माल सांध्याच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोल उकरावा. नुसतं वर फासलेलं पहिल्या मोसमात सुटतं.

रंग आणि सीलर यांच्याबद्दल माझं मत कडक आहे. ओल्या, क्षार असलेल्या भिंतीवर प्लास्टिकचा पापुद्रा धरणारा कोणताही रंग लावू नये. पाणी कुठल्या ना कुठल्या भेगेतून आत जातंच, बाहेर मात्र येऊ शकत नाही. क्षार रंगामागे फुलतो आणि रंग फोडांसारखा उचलला जातो. पाणी परतवणारे पारदर्शक सिलेन-सिलॉक्सेन द्रव (सीलर) त्याहून बरे, ते वाफ बाहेर सोडतात. पण क्षार वाफेबरोबर जात नाही. पाणी त्या थराच्या मागे वाळतं आणि क्षार तिथेच, काही मिलिमीटर आत, साठतो. म्हणजे आपणच पैसे देऊन आधी पाहिलेली ती फुगलेली चकती तयार करतो. भिंत पूर्ण कोरडी असेल, क्षार निघालेला असेल, सांधे नीट असतील आणि त्रास फक्त वादळी पावसाचा असेल, तेव्हाच त्यांचा विचार करावा.

सिमेंटचा गिलावा केला तर खालची ओल दिसेनाशी होते, पण ती तिथे वाळू शकत नाही म्हणून आणखी वर चढते. दोन वर्षांनी गिलाव्याच्या वरच्या कडेला नवी पांढरी रेघ उमटते.

साफ करायचं ते असं

पाणी थांबल्यावर, आणि सलग काही दिवस कोरडी हवा असताना. नायलॉनचा किंवा केसाळ ब्रश घ्या. तारेचा नको. तार विटेची भट्टीत तयार झालेली कडक कातडी खरवडते आणि तिचे तुटलेले तुकडे गंजून तांबडे डाग पाडतात. झाडताना खाली प्लास्टिक अंथरा आणि पडलेली भुकटी उचलून टाका. ती जोत्याशी राहिली तर पुढच्या पावसात विरघळून त्याच भिंतीत परत जाईल. तोंडाला फडकं बांधा. पांढरं पुन्हा आलं की पुन्हा झाडा, दर वेळी थोडं कमी येईल. धुण्याचा मोह टाळा, कारण धुताना निम्मा क्षार पाण्याबरोबर आत शिरतो. जोरदार फवाऱ्याचं यंत्र तर सांध्यातला मालच काढून नेतं आणि पाणी खोलवर ठोसतं.

क्षार फार असेल आणि भिंत मोलाची असेल तर लेप लावतात. शुद्ध पाण्यात कालवलेली केओलिन किंवा बेंटोनाइट माती, त्यात कागदाचा लगदा आणि वाळू. एक ते दोन सेंटीमीटर जाड लेप भिंतीवर दाबून बसवायचा आणि तो आपोआप सुकून सुटायला लागेपर्यंत ठेवायचा. आतला क्षार विरघळून लेपात येतो. हे दोन-तीन वेळा करावं लागतं.

ॲसिड फक्त चुन्याच्या कडक ओघळांसाठी, तेही शेवटचा उपाय म्हणून. सल्फेटच्या लोण्यावर ते टाकण्यात अर्थ नाही. हायड्रोक्लोरिक ॲसिड स्वतःच भिंतीत क्लोराइड सोडतं, म्हणजे एक क्षार काढायला दुसरा घातला, आणि चुन्याचा सांधाही खातं. वापरायचंच तर आधी भिंत पाण्याने भिजवा, म्हणजे ॲसिड आत ओढलं जात नाही. पाण्यात ॲसिड घाला, उलट कधीच नाही. हातमोजे, चष्मा घाला. कोपऱ्यात एक वीट करून पाहा आणि शेवटी भरपूर धुवा. सल्फॅमिक ॲसिड त्यापेक्षा सौम्य पडतं.

डीपीसी नसेल तर

जुन्या भिंतीत जोत्याजवळच्या आडव्या सांध्यात साधारण दहा-बारा सेंटीमीटर अंतराने भोकं पाडून सिलिकॉनयुक्त क्रीम भरतात. नीट केलं तर ते खालून चढणारं पाणी कमी करतं. पण ते सुचवणाऱ्याला आधी विचारा की बाहेरची माती, तुंबलेला पाइप आणि उडणारं पाणी तपासलंत का. बऱ्याच भिंती या तीन गोष्टी सुधारल्यावर भोक न पाडताच वाळतात. आणि क्रीम भरलं तरी वर साठलेला क्षार तसाच राहतो, दमट हवेत ओला डाग दाखवतच राहतो. आतल्या बाजूचा खराब झालेला गिलावा डागाच्या वर फूटभर काढून नवा करावा लागतो, तोही भिंत वाळल्यावर.

ती वाळायला लागणारा वेळ लोक नेहमी कमी धरतात. जुना ठोकताळा असा की जाडीच्या दर २५ मिलिमीटरला एक महिना. एका विटेच्या, २३० मिलिमीटर जाड भिंतीला म्हणजे नऊ महिने. या काळात सुरुवातीला पांढरं आधीपेक्षा जास्त येईल, कारण साठलेलं पाणी आता बाहेर पडतंय. इथेच पुष्कळ जणांचा धीर सुटतो आणि ते रंगाचा डबा उघडतात.

त्याऐवजी पांढऱ्या पट्ट्याच्या वरच्या कडेला चुन्याच्या खडूने रेघ मारा, बाजूला तारीख लिहा आणि फोटो काढून ठेवा. पुढच्या कोरड्या मोसमात पांढऱ्याची कड रेघेच्या खाली असेल तर भिंत वाळते आहे, ब्रश चालू ठेवा. कड रेघेच्या वर गेली असेल तर खाली कुठेतरी वाळायची वाट बुजली आहे: नवी फरशी, नवा रंग, गिलाव्याचा एखादा तुकडा. तिथून पुन्हा शोधायला सुरुवात करा.